शेजारच्या पडक्या घराचा धनी कोण?

वाशीम जिल्ह्यातल्या मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावात बहुतेक गल्ल्यांमध्ये असे एखादे घर असते. दाराला गंजलेले कुलूप, धाबे मधोमध खचलेले, अंगणात कमरेइतके गाजरगवत. पावसाळ्यात त्याच्या मातीच्या भिंतीतली ओल बाजूच्या घरात उतरते आणि एखाद्या रात्री साप निघाला की सारी गल्ली जागी होते. घर कोणाचे, असे विचारले तर शाळकरी पोरही आडनाव सांगते. भिंतीविषयी बोलायचे कोणाशी, हे विचारले की मात्र जाणतेही थांबतात. ज्या नावाने घर ओळखले जाते ते गृहस्थ केव्हाच वारलेले असतात. एक मुलगा पुण्याला, दुसरा नागपूरला, मुली आपापल्या सासरी, आणि किल्ली कोणाकडे आहे ते कोणालाच माहीत नसते.

शिवारातही तसेच. दोन-चार वर्षे न वाहिलेल्या वावरात बाभळी माजतात, धुरा दिसेनासा होतो. रानडुकरे दिवसभर त्या झुडपात बसतात आणि अंधार पडला की शेजारच्या सोयाबीनमध्ये किंवा तुरीत शिरतात. नुकसान एकाचे, वावर दुसऱ्याचे, आणि तो दुसरा गावात फिरकतच नाही.

मालकाचे नाव सगळ्यांना पाठ, पण मालक कोणालाच सापडत नाही, असे का होते? अशा जागेला सर्रास बेवारस म्हटले जाते. प्रत्यक्षात वारस असतात. उलट ते इतके झालेले असतात की जागा कोणा एकाची जबाबदारी उरत नाही. शेजाऱ्याला शोध घ्यायचा असतो तो पाच-दहा जणांच्या पांगलेल्या कुटुंबाचा. हे ध्यानात घेऊन निघाले तर कागद कुठे पाहायचे, कोणाला विचारायचे आणि पहिला शब्द काय बोलायचा, हे सगळेच बदलते.

एका नावाची दहा नावे

समजा, स्वतःच्या कमाईतून घर बांधलेले एक हिंदू गृहस्थ मृत्युपत्र न करता वारले. मागे पत्नी, तीन मुलगे आणि दोन मुली. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे या सहा जणांना सारखे वाटे मिळतात. पुढे आई गेली. तिचा वाटा पाच मुलांत विभागला गेला. मग एक मुलगा पत्नी आणि तीन अपत्ये मागे ठेवून वारला. त्याच्या पाचव्या हिश्श्याला चार धनी झाले. एक मुलगी पती आणि दोन मुले मागे ठेवून गेली. तिच्या हिश्श्याला तीन. आता हयात दोन मुलगे, एक मुलगी, ते चौघे आणि हे तिघे मिळून दहा जण झाले. तीस-चाळीस वर्षांत एका सहीच्या जागी दहा सह्या लागू लागल्या. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीने जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात तो हक्क आणखी स्पष्ट केला. त्यामुळे "बहिणींचे काय, त्या तर सासरी गेल्या" हे गावात सहज बोलले जाणारे वाक्य कायद्यात टिकत नाही. मुस्लिम कुटुंबात वाटे त्यांच्या वैयक्तिक कायद्याने पडतात. तिथेही मुली वारस असतातच.

हे दहा जण कायद्याने मालक झाले तरी कागदावर नाव जुनेच राहते. सातबारा शाळेच्या हजेरीपटासारखा वागतो: नाव कमी करा असे कोणी येऊन सांगेपर्यंत ते पटावर राहते, पोर वर्गात असो वा नसो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारशाने हक्क मिळालेल्याने तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते. पण घरात दुःख, त्यात भावंडे चार गावांना, आणि नोंद न केल्याने उद्या सकाळी काही अडत नाही. मग राहून जाते. कर्ज काढायची किंवा विक्रीची वेळ आली की आठवण होते.

हा प्रश्न किती पसरलेला आहे ते २०२५ मध्ये सरकारनेच मान्य केले. बुलढाणा जिल्ह्यात 'जिवंत सातबारा' नावाने सुरू झालेली मोहीम त्या वर्षीच्या एप्रिलपासून राज्यभर नेण्यात आली. मृत खातेदारांची नावे काढून तिथे वारसांची नावे लावणे हा तिचा हेतू. गावोगाव चावडीवाचन करून मृत खातेदारांच्या याद्या तयार करायच्या, मग वारसांकडून मृत्यूचा दाखला, वारसांबाबतचे स्वयंघोषणापत्र आणि सगळ्या वारसांचे पत्ते व फोन नंबर घ्यायचे, असा तिचा क्रम होता. शेजाऱ्याच्या दृष्टीने यातली शेवटची गोष्ट सर्वात मोलाची. एरवी महसुली कागदावर नाव असते, पत्ता नसतो.

जपानची गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. तिथे वारसनोंद अनेक वर्षे ऐच्छिक होती. परिणामी, २०१६ च्या स्थितीवर आधारलेल्या एका अभ्यासगटाच्या अंदाजानुसार, मालकाचा ठावठिकाणा लागत नाही अशी जमीन ४१ लाख हेक्टरांवर गेली होती. क्युशू या त्यांच्या मोठ्या बेटापेक्षाही हे क्षेत्र जास्त. अखेर १ एप्रिल २०२४ पासून तिथे तीन वर्षांच्या आत वारसनोंद करणे सक्तीचे झाले आणि न करणाऱ्याला एक लाख येनपर्यंत दंड ठेवला गेला. श्रीमंत, काटेकोर नोंदींसाठी ओळखल्या जाणाऱ्या देशाचीही ही गत झाली, तर मानोऱ्यातल्या एखाद्या कुटुंबाला आळशी म्हणून बोल लावण्यात अर्थ नाही.

आधी जागेचा नंबर, मग मालकाचे नाव

शोधाची सुरुवात बहुतेक जण नावापासून करतात आणि तिथेच गुंततात. एका आडनावाची गावात वीस घरे असतात. सरकारी दप्तरात जागा ओळखली जाते ती नंबराने. म्हणून आधी नंबर.

शेताचा नंबर स्वतःच्या कागदावरून काढणे सोपे. आपल्या गटाच्या चतुःसीमेत पूर्वेला, पश्चिमेला कोणता गट आहे ते जुन्या खरेदीखतात लिहिलेले असते. राज्याच्या भू-नकाशा संकेतस्थळावर गाव निवडून नकाशातल्या तुकड्यावर बोट ठेवले तरी गट क्रमांक दिसतो. घराचे तेवढे सरळ नाही. गावठाणातल्या जागेवर शेतसारा नसतो, त्यामुळे तिचा सातबाराही नसतो. तिथे कराची नोंद उपयोगी पडते.

चौकट : कोणत्या जागेसाठी कोणता कागद

शेत: सातबारा, आठ-अ आणि फेरफार. महाभूलेखवर पाहायला मोफत; डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत.

गावठाणातले घर, नगरपंचायत हद्दीत: नगरपंचायतीची कर आकारणी नोंदवही. खेड्यात: ग्रामपंचायतीचा नमुना ८.

नगर भूमापन झालेली जागा: आखीव पत्रिका, म्हणजेच मिळकत पत्रिका. ती भूमी अभिलेख कार्यालयात मिळते.

लेआउटमधला रिकामा प्लॉट: अकृषक सातबारा आणि दुय्यम निबंधकांकडील सूची क्रमांक २.

ड्रोनने मोजलेले गावठाण: २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतील मिळकत पत्रिका.

यातल्या कराच्या नोंदीबद्दल एक गैरसमज पक्का रुजलेला आहे. नमुना ८ वर नाव म्हणजे मालकी, असे गावात मानतात. ती नोंद कर कोणाकडून घ्यायचा एवढ्यापुरती असते. मात्र तिच्यात मालक आणि भोगवटादार असे दोन वेगळे रकाने असतात आणि शोधणाऱ्याला त्यांतला दुसरा जास्त उपयोगी. शिवाय कर अलीकडे कोणी भरला, हा साधा प्रश्न तिथल्या कर्मचाऱ्याला विचारून पाहावा. दरवर्षी दिवाळीला येऊन निमूट कर भरून जाणारा एखादा पुतण्या असतो आणि गल्लीत कोणाला त्याचा पत्ता नसतो.

जुने कागद सांगतात ते

सातबाऱ्यावर नावाजवळ आणि कडेला फेरफाराचे क्रमांक असतात. प्रत्येक क्रमांकामागे एक घटना आहे: खरेदी, वाटणी, वारस, बोजा. तो फेरफार काढला की त्या दिवशी कोण कोण हजर होते, कोणाला नोटीस गेली, हे कळते. वारसांच्या प्रकरणांसाठी तर गाव नमुना ६-क ही वेगळी नोंदवहीच असते.

विदर्भातल्या जुन्या नोंदींची भाषा थोडी ओळखून घ्यावी लागते. 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'जौजे' म्हणजे पत्नी, 'बेवा' म्हणजे विधवा. बाईच्या नावापुढे 'भ्र.' असेल तर पुढचे नाव नवऱ्याचे. हे एवढेसे अक्षर फार कामाचे आहे, कारण त्यावरून लेकीचे सासरचे आडनाव मिळते आणि आडनावावरून गाव. 'ए.कु.मॅ.' असा शेरा असेल तर ते नाव एकट्याचे नाही, एकत्र कुटुंबाच्या वतीने लागलेले आहे. आणि 'अ.पा.क.' दिसले तर नीट थांबावे. त्याचा अर्थ जमीन अज्ञान मुलाची होती आणि पालनकर्ता म्हणून मोठ्याचे नाव लागले होते. १९८५ च्या फेरफारात सात वर्षांचा दाखवलेला तो मुलगा आज पन्नाशीकडे झुकलेला आहे. गाव सोडून गेलेल्या पिढीतला नेमका हाच माणूस फोनवर सापडण्याची शक्यता सर्वात जास्त.

इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल तर तोही एक माग. जमीन गहाण असताना कुटुंबाचा गावाशी व्यवहार पूर्ण तुटलेला नसतो.

पत्ता मिळण्याचे सर्वात भरवशाचे ठिकाण म्हणजे दुय्यम निबंधक कार्यालय. सूची क्रमांक २ मध्ये देणाऱ्या-घेणाऱ्यांची नावे आणि पत्ते असतात. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ प्रमाणे स्थावर मिळकतीच्या या सूची फी भरून कोणीही पाहू शकतो; मालकाची परवानगी लागत नाही. संगणकीकरणानंतरचे दस्त नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर घरबसल्याही शोधता येतात. वाशीम जिल्ह्यापुरती एक गोष्ट लक्षात ठेवावी: हा जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या खरेदीखतावर 'जिल्हा अकोला' असेच असणार. वाशीम या नावाने शोधून काही सापडत नाही म्हणून खरेदीच झाली नसावी, असा निष्कर्ष घाईचा ठरतो.

हे सगळे कागद मिळाले तरी ते अंतिम सत्य नव्हेत. महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे महसुली नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानली जाते, एवढेच. फेरफाराने मालकी जन्माला येत नाही, असे न्यायालयांनी वारंवार सांगितलेले आहे.

कागदाकडून माणसाकडे

पुढचे काम कार्यालयात होत नाही. पोलीस पाटील, कोतवाल, जुने पोस्टमन, पिढ्यान्‌पिढ्या दाढी करणारे नाभिक, किराणा दुकानदार यांच्याकडे गावाबाहेर गेलेल्यांचा हिशेब तोंडपाठ असतो. लग्नपत्रिका तर सर्वात बोलका दस्त. तीत निमंत्रक, मामा, आत्या, जावई सगळे गावांसकट छापलेले असतात.

मानोरा तालुक्याला आणखी एक सोय आहे. पोहरादेवी याच तालुक्यात. रामनवमीच्या यात्रेला बंजारा समाजाची माणसे महाराष्ट्रातूनच नव्हे, तेलंगण-कर्नाटकातूनही येतात. तांड्यावरचे जे कुटुंब वर्षभर कामासाठी बाहेर असते, ते या दिवसांत किंवा दिवाळीला भेटण्याची आशा धरता येते. लग्नसराई, पोळा, घरातल्या जाणत्याचे वर्षश्राद्ध, या तारखा शोधणाऱ्याने मनाशी धरून ठेवाव्यात. भावंडे एकत्र असतात ती तेव्हाच.

फोन नंबर मिळाला की गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "हे बघा मालक" म्हणून टाकून देण्याचा मोह होतो. तो आवरावा. वीस जणांनी वीस तक्रारी केल्या की तो माणूस फोन उचलायचा बंद होतो आणि महिन्यांची मेहनत वाया जाते.

मालकाला कशाची धास्ती

शेजाऱ्याला वाटते आपण चांगल्या हेतूने बोलतो आहोत. पुण्यात बसलेल्या मालकाला त्याच फोनमध्ये ऐकू येते, "यांना जागा हवी आहे."

ही धास्ती हवेतली नाही. विदर्भासाठीचा कूळ कायदा १९५८ चा. तोंडी बोलीवर कसायला दिलेल्या जमिनी कुळांच्या झाल्या, हे त्या पिढीने पाहिले आहे. मोठ्या जमीनदारांच्या बाबतीत तो न्यायच होता, पण दोन-चार एकरवाल्या कुटुंबांत त्याची आठवण भीती म्हणून उरली. त्यात मुदतीचा कायदा, १९६३. खासगी जागेवर बारा वर्षे उघडपणे, मालकाच्या हक्काविरुद्ध ताबा ठेवला तर मालकाचा जागा परत मागण्याचा हक्क संपू शकतो. म्हणून अनेक जण वावर मक्त्याने किंवा बटईने देण्यापेक्षा पडीत ठेवतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर मोबाइलवर ई-पीक पाहणी होऊ लागली, तेव्हापासून आपल्या वावरात दुसऱ्याच्या नावाने पीक नोंदले जाईल का, ही नवी शंका.

यावर उपाय मुदतीच्या कायद्यातच दडलेला आहे. परवानगीने असलेला ताबा विरोधी ठरत नाही. मालकाने लेखी संमती दिली आणि तीत "ही सवलत आहे, यातून कोणताही हक्क निर्माण होत नाही" एवढे असले, तर बारा वर्षांची भीतीच निकालात निघते. कागद दोघांच्याही हिताचा असतो आणि तो शेजाऱ्याने स्वतःहून पुढे केला तर समोरच्याचा सूर बदलतो. म्हणूनच न सांगता गवत काढणे, काटेरी कुंपण आत सरकवणे, आपली चार जनावरे तिथे बांधणे, यांतले काहीही आधी करू नये. झाड तर मुळीच तोडू नये. नागरी हद्दीत त्यासाठी १९७५ चा वृक्ष जतन कायदा आहे आणि परवानगी लागते.

पहिले पत्र

फोनआधी पत्र गेले तर बरे. पत्र घरात फिरते, सगळी भावंडे वाचतात. ते साधे असावे:

"ती. काकांना सा. न. वि. वि. मानोऱ्यातल्या तुमच्या घराला लागून उत्तरेकडे आमचे घर आहे. तुमच्या वडिलांना आम्ही सगळे ओळखत होतो. यंदाच्या पावसात तुमची उत्तरेची भिंत दोन ठिकाणी फुगली आहे. फोटो सोबत जोडले आहेत. ती पडली तर आमच्या न्हाणीवर येईल. तुम्ही म्हणाल तर पुढच्या पावसाआधी तेवढी भिंत उतरवून घेऊ, खर्चाचे आपण बोलू. जागेवर आमचा कसलाही दावा नाही, तसे लिहून देतो. घरातल्या इतरांनाही कळवायचे असल्यास त्यांचे पत्ते द्यावेत."

यात खरेदीचा शब्द नाही, आणि तो पहिल्या पत्रात नसावाच. दोष देणेही नाही. शेवटची ओळ मात्र विसरू नये, कारण उत्तर देणारा एक भाऊ म्हणजे सगळे कुटुंब नव्हे. पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती जपून ठेवावी. पुढे प्रकरण कार्यालयात गेलेच, तर आधी सामोपचाराने प्रयत्न केला याचा तोच पुरावा.

सीमेचाच वाद असेल तर शब्दाने शब्द वाढवण्यापेक्षा भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. मोजणीची नोटीस लगतच्या खातेदारांना जाते, त्यामुळे न सापडणारा एखादा वारस याच निमित्ताने पुढे येऊ शकतो.

भिंत आजच पडायला आली असेल तर

जिवाला धोका असेल तर मालक सापडेपर्यंत थांबायचे नसते. नगरपंचायत हद्दीत मुख्याधिकाऱ्यांकडे फोटोंसह लेखी अर्ज द्यावा; धोकादायक इमारतीबाबत मालकाला किंवा भोगवटादाराला नोटीस देण्याचा अधिकार त्यांना आहे. त्याच्या जोडीला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२ आहे. १ जुलै २०२४ पूर्वी हीच तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १३३ म्हणून होती. पडून इजा करील अशी इमारत किंवा झाड दुरुस्त करण्याचा, आधार देण्याचा वा काढण्याचा सशर्त आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. वकील न लावताही अर्ज करता येतो. अर्जात मालकाचे नाव माहीत नसेल तर घर क्रमांक आणि चतुःसीमा लिहाव्यात.

विकत घ्यायचा विचार निघाला तर

दोन-तीन पत्रांनंतर कधी कधी मालकच विचारतो, "तुम्हीच घेता का?" इथे घाई सर्वात महाग पडते. एका भावाने सही केली तर त्याचा अविभक्त हिस्सा तेवढा येतो, जागा नाही. राहत्या घराच्या बाबतीत तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ४४ बाहेरच्या खरेदीदाराला संयुक्त ताबाही देत नाही. त्यामुळे आधी वारसनोंद, मग सगळ्यांच्या सह्यांचे खरेदीखत, हाच क्रम. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवल्या की विसरलेली आत्या किंवा दूरचा पुतण्या खरेदीआधीच समोर येतो. शेत असेल तर घेणारा शेतकरी असावा लागतो, तुकडेबंदीचा कायदा पाहावा लागतो. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असेल किंवा खातेदार आदिवासी असेल, तर परवानगीशिवाय व्यवहार टिकत नाही.

खरोखर वारस नसलेल्या जमिनीची वाट वेगळी आहे. खातेदार मृत्युपत्र न करता वारला आणि ज्ञात वारस नसेल, तर महसूल संहितेच्या कलम ३४ प्रमाणे जिल्हाधिकारी जमीन ताब्यात घेतात आणि एकेका वर्षाच्या पट्ट्याने देऊ शकतात. तीन वर्षांच्या आत कोणी दावेदार आला तर चौकशी करून त्याला ती परत मिळू शकते. दावा फेटाळला गेला तर त्याला एका वर्षात दिवाणी न्यायालयात जाता येते. तीन वर्षांत कोणीच आले नाही, तर त्या जमिनीवरचा हक्क लिलावात विकता येतो. लगतच्या शेतकऱ्याने अशा जमिनीची माहिती तहसील कार्यालयाला लेखी द्यावी. वर्षाचा पट्टा मागायचा अर्जही त्याच टेबलावर देता येतो.